मोटार विम्यातील वापराची घोषणा : गडहिंग्लज परिसरातील वाहनधारकांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मोटार विम्याचा करार वाहनाच्या मालकीइतकाच त्याच्या वापरावर आधारलेला असतो. वाहन घरगुती कामासाठी आहे, भाड्यासाठी आहे, मालवाहतुकीसाठी आहे की शेतीसाठी आहे, हे सांगितल्याशिवाय विमा कंपनीला जोखमीचे मोजमाप करता येत नाही. ग्रामीण भागात मात्र एकच वाहन निरनिराळ्या कामांसाठी वापरले जाते आणि त्याची नोंद पॉलिसीवर क्वचितच होते. प्रस्तुत लेखात वापराच्या घोषणेमागील विधितत्त्व, पॉलिसीतील अटी, महत्त्वाचे न्यायनिर्णय आणि गडहिंग्लज परिसरातील वाहनवापर यांचा एकत्रित विचार केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : परम सद्भाव, वापराची मर्यादा, तृतीय पक्ष, वडाप, कृषी ट्रॅक्टर, एन्डॉर्समेंट.

प्रस्तावना

हिरण्यकेशी नदीकाठी वसलेले गडहिंग्लज हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महत्त्वाचे व्यापारी केंद्र होय. आजरा व चंदगड हे शेजारचे तालुके आणि कर्नाटकातील संकेश्वरचा परिसर यांच्याशी या गावाचा नित्याचा व्यवहार आहे. संकेश्वर–बांदा मार्गामुळे एका बाजूस पुणे–बंगळूर महामार्ग, तर दुसऱ्या बाजूस आंबोलीमार्गे कोकण व गोवा जोडले गेले आहेत. ऊस, मिरची, गूळ, दूध आणि प्रवासी या सर्वांची वाहतूक याच रस्त्यांवरून होते.

अशा परिसरात वाहनाचा वापर एकाच साच्यात बसत नाही. घरच्या माणसांसाठी घेतलेली जीप बाजाराच्या दिवशी वडाप म्हणून धावते. शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर गळीत हंगामात दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढतो. मालवाहू टेम्पोतून यात्रेकरू जातात. हे व्यवहार इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांचा विम्याच्या कागदाशी काही संबंध आहे याची जाणीवच राहत नाही. अपघात घडल्यानंतर मात्र विमा कंपनीचा एक प्रमुख प्रश्न हाच असतो की, वाहन त्या वेळी कोणत्या कामासाठी वापरले जात होते?

उद्दिष्टे व विवेचनाची पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) वाहनाच्या वापराची माहिती विमा कंपनीस देण्यामागील विधितत्त्व स्पष्ट करणे. २) पॉलिसीतील वापरविषयक मर्यादांचा अर्थ स्थानिक उदाहरणांच्या साहाय्याने विशद करणे. ३) माहिती न दिल्यास वाहनमालक, प्रवासी व अपघातग्रस्त यांच्यावर होणाऱ्या परिणामांचा विचार करणे. विवेचनासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८, प्रमाणित पॉलिसीतील अटी आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांचा वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने आधार घेतला आहे. लेखातील 'समजा' या शब्दाने सुरू होणारी उदाहरणे काल्पनिक आहेत.

परम सद्भावाचे तत्त्व

सामान्य खरेदी-विक्रीत ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे अशी अपेक्षा असते. विम्याच्या करारात परिस्थिती उलट असते. ज्या वस्तूचा विमा उतरवायचा तिची खरी माहिती विमा घेणाऱ्यालाच असते आणि कंपनी त्याच्या शब्दावर विसंबून हप्ता ठरवते. म्हणूनच विम्याचा करार परम सद्भावाचा करार मानला जातो. या तत्त्वाची प्रसिद्ध मांडणी इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात केली. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या विम्याविषयीचा हा खटला होता. त्याचा निकाल विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. विमा देणाऱ्याला जे ठाऊक होते अथवा ठाऊक असावयास हवे होते, त्याबाबत त्याला नंतर तक्रार करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजेच सद्भावाचे बंधन आरंभापासून दोन्ही पक्षांवर आहे.

भारतात विमा नियामक प्राधिकरणाने २००२ च्या पॉलिसीधारक हितसंरक्षण विनियमांत महत्त्वाच्या माहितीची संकल्पना स्पष्ट केली. जोखीम स्वीकारताना कंपनीच्या दृष्टीने आवश्यक व संबद्ध असलेली सर्व माहिती तीत येते. सर्वोच्च न्यायालयाने सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स (२००९) या आरोग्यविम्याच्या प्रकरणात या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. मोटार विम्यात वाहनाचा वापर ही माहिती या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची ठरते. दिवसातून एकदा घर ते कचेरी असा प्रवास करणारी मोटार आणि दिवसभर अनोळखी प्रवासी घेऊन घाटरस्त्यावर फिरणारी मोटार या दोहोंची बनावट एक असली तरी जोखीम एक नसते.

पॉलिसीतील वापराची मर्यादा

देशभर एकसमान असलेले इंडिया मोटर टॅरिफ १ जुलै २००२ पासून लागू झाले. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीच्या हप्त्याचे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले, तथापि पॉलिसीची प्रमाणित शब्दरचना बव्हंशी कायम राहिली. खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' या शीर्षकाखाली एक छोटा परिच्छेद असतो. त्यानुसार वाहनाचा वापर कोणत्याही कारणासाठी करता येतो, मात्र पुढील बाबी वगळलेल्या असतात : भाडे अथवा मोबदला घेऊन वापर, नमुने व वैयक्तिक सामान सोडून अन्य मालाची वाहतूक, संघटित शर्यती, शर्यतीत गती ठरवून देणे, वेगचाचणी, वाहनक्षमतेची चाचणी आणि वाहनव्यवसायाशी निगडित वापर.

या परिच्छेदावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. 'प्रायव्हेट कार' ही पॉलिसीवरील नोंद वाहनाच्या प्रकाराबरोबरच त्याच्या वापराविषयीचे वचनही दर्शविते. ते वचन मालकाने दिलेले असते आणि त्याच्या मोबदल्यात त्याला कमी हप्ता लाभतो. वाहन नातेवाइकाला चालवावयास दिल्याने हे वचन सहसा मोडत नाही, कारण वैध परवाना असलेल्या कोणाही व्यक्तीस वाहन चालविण्याची मुभा पॉलिसीत असते. मात्र त्याच नातेवाइकाने प्रवाशांकडून भाडे घेतले, तर वापराचे स्वरूप पालटते.

हप्त्यातील फरक

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या तृतीय पक्ष विम्याच्या दरांवरून हा फरक स्पष्ट होतो. १,००० ते १,५०० सीसी क्षमतेच्या खासगी मोटारीचा वार्षिक दर ३,४१६ रुपये ठरविण्यात आला. त्याच क्षमतेच्या, सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या चारचाकी टॅक्सीसाठी मूळ दर ७,९४० रुपये आणि शिवाय परवानगी असलेल्या प्रत्येक प्रवाशामागे ९७८ रुपये असा होता. चार प्रवाशांच्या टॅक्सीचा एकूण दर ११,८५२ रुपये होतो. कर वगळता हा फरक ८,४३६ रुपयांचा असून टॅक्सीचा दर खासगी मोटारीच्या सुमारे साडेतीन पट भरतो.

येथेच मौन बाळगण्याचे खरे कारण दडलेले आहे. फरक केवळ हप्त्याचा नसतो. पांढऱ्या पाटीच्या मोटारीला कंपनी टॅक्सीची पॉलिसी देत नाही. त्यासाठी आधी परिवहन कार्यालयात नोंदणीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो, पिवळी पाटी लावावी लागते, परमिट व योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यानुसार कर भरावा लागतो. आठवड्यातून एक-दोन दिवस भाडे मारणाऱ्याला हा सारा खटाटोप परवडणारा वाटत नाही. परिणामी तो खासगी पॉलिसीवरच वाहन चालवितो आणि आपण विमा उतरवला आहे या समाधानात राहतो.

गडहिंग्लज परिसरातील वाहनवापर

अ) वडाप : एस.टी.ची फेरी नसलेल्या वेळी नेसरी, महागाव, नूल यांसारख्या गावांच्या वाटेवर वडाप ही लोकांची गरज असते, हे नाकारता येत नाही. परवानाधारक वडापाचा प्रश्न वेगळा आहे. खासगी नोंदणीच्या जीपमधून भाडे घेऊन प्रवासी नेले जातात, तेव्हा विनापरमिट वाहतुकीबद्दल अधिनियमाच्या कलम १९२-क खालील दंडाचा प्रश्न उद्भवतो आणि त्याच वेळी पॉलिसीतील पहिलीच मर्यादा मोडली जाते. विद्यार्थ्यांना महिन्याकाठी ठरावीक रक्कम घेऊन शाळेत पोहोचविणारी खासगी व्हॅन आणि एखाद्या संस्थेला मासिक भाड्याने दिलेली पांढऱ्या पाटीची मोटार यांनाही हेच लागू पडते. पैसे रोज घेतले की महिन्याने घेतले, याने मोबदल्याचे स्वरूप बदलत नाही.

आ) मालवाहतूक : गडहिंग्लजची बाजारपेठ संकेश्वरी मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. घरच्या वापरासाठी चार-दोन किलो मिरची मोटारीतून नेणे आणि व्यापारासाठी पोती भरून नियमित फेऱ्या करणे यांत विम्याच्या दृष्टीने अंतर आहे. पहिले वैयक्तिक सामान म्हणता येईल, दुसरी मालवाहतूक ठरते.

इ) ट्रॅक्टर व ट्रेलर : हरळी, गवसे आणि संकेश्वर येथील साखर कारखान्यांमुळे या पट्ट्यात ऊस वाहतुकीला मोठे महत्त्व आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार कृषी ट्रॅक्टर हे परिवहनेतर वाहन होय. त्याच्या पॉलिसीत वापर सामान्यतः शेती व वनविषयक कामांपुरता मर्यादित असतो. आपल्या शेतातील ऊस आपल्या ट्रॅक्टरने नेणे आणि वाहतुकीचा करार करून हंगामभर इतरांचा ऊस भाड्याने ओढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नटवर पारिख अँड कंपनी विरुद्ध कर्नाटक राज्य (२००५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर व ट्रेलर यांची जोडणी मालवाहू वाहन ठरू शकते व त्यास परमिट आवश्यक आहे, असे मानले. उलटपक्षी, फहीम अहमद विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (२०१४) या प्रकरणात शेताच्या सिंचनासाठी टाकी बांधण्याकरिता वाळू नेणाऱ्या ट्रॅक्टरचा विचार झाला. केवळ वाळू भरली होती म्हणून वापर व्यावसायिक ठरत नाही आणि अटभंग सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. यावरून मालाच्या प्रकाराइतकेच त्यामागील प्रयोजन महत्त्वाचे ठरते, असे दिसून येते.

ट्रेलरची नोंद पॉलिसीवर स्वतंत्रपणे झाली आहे काय, हेही पाहणे अगत्याचे आहे. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रेलरचाही आहे, हा समज धोक्याचा ठरू शकतो.

ई) मालवाहू वाहनातून माणसे : लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू अथवा शेतमजूर टेम्पोतून नेण्याची प्रथा आजही आढळते. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनातून प्रवास करणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस सक्तीच्या विम्याचे संरक्षण आहे. अन्य प्रवाशांना ते नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी (२००३) या प्रकरणात ठरविले. अशा प्रवाशांकडून भाडे घेतले नाही, एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

अपघातानंतरची स्थिती

दाव्यांचे दोन प्रकार वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला दावा मालकाच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा असतो. वापराची मर्यादा मोडल्यास कंपनी तो नाकारण्याची शक्यता असते. येथे न्यायालयांनी काहीसा मध्यम मार्ग स्वीकारला आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल (२००८) या प्रकरणात खासगी विमा असलेले वाहन भाड्याने वापरल्याचा आक्षेप होता, पण नुकसान चोरीमुळे झाले होते. चोरीच्या बाबतीत तो अटभंग निर्णायक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०१०) या प्रकरणात खासगी वाहन भाड्याने दिल्याचा आक्षेप असूनही संपूर्ण दावा फेटाळणे योग्य नाही, असे ठरले. या निर्णयांत उल्लेखिलेल्या कंपनीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वापराच्या मर्यादेसह अन्य अटींचा भंग झाल्यास मान्य दाव्याच्या कमाल ७५ टक्के रक्कम देता येते.

समजा, एका जीपचे मान्य नुकसान ४,००,००० रुपये आहे. या सूत्रानुसार मालकाला अधिकाधिक ३,००,००० रुपये मिळतील आणि तेही बहुधा ग्राहक आयोगात वाद घातल्यानंतर. वर दाखविलेल्या हप्त्याच्या फरकाशी तुलना करता एका अपघातातील १,००,००० रुपयांची तूट ही जवळपास बारा वर्षांच्या फरकाएवढी होते. शिवाय ७५ टक्के हा मालकाचा हक्क नसून प्रकरणाच्या स्वरूपावर अवलंबून असलेली सवलत आहे.

दुसरा दावा तृतीय पक्षाचा, म्हणजे वाहनाखाली सापडलेल्या पादचाऱ्याचा, धडक बसलेल्या दुचाकीस्वाराचा अथवा त्यांच्या वारसांचा असतो. परमिट नसलेल्या वाहनाचा भाड्यासाठी वापर हा बचाव कंपनीला अधिनियमानेच दिला आहे. पूर्वी तो कलम १४९ मध्ये होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, तो कलम १५० मध्ये आला आहे. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हाही बचाव तेथेच नमूद आहे. तथापि नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंह (२००४) या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अटभंग सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली. अनेक प्रकरणांत न्यायालयांनी 'आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा' हा मार्ग अवलंबिला. अमृत पॉल सिंह विरुद्ध टाटा एआयजी (२०१८) या प्रकरणात परमिटच नसणे हा मूलभूत भंग मानला गेला आणि कंपनीला भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा राहिली. हे निर्णय प्रामुख्याने जुन्या कलम १४९ च्या आधाराने झालेले आहेत, हे लक्षात ठेवावयास हवे.

या वसुलीचा अर्थ मालकाने नीट समजून घेतला पाहिजे. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला पैसे मिळाले म्हणजे मालक सुटला असे होत नाही. कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूची भरपाई अनेक लाखांची असू शकते आणि ती वसूल होताना घर, शेतजमीन व वाहन या सर्वांवर टाच येऊ शकते. विमा असूनही मालक विमा नसल्याच्या स्थितीत येतो.

वाहनातील प्रवाशांची स्थिती याहून नाजूक असते. खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसीत आतील व्यक्तींना संरक्षण असल्याचे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रकाद्वारे स्पष्ट केले आहे. केवळ सक्तीच्या तृतीय पक्ष पॉलिसीत ते गृहीत धरता येत नाही. भाडे देऊन खासगी जीपमध्ये बसलेल्या प्रवाशाच्या बाबतीत तर कंपनी वापराच्या मर्यादेवर बोट ठेवते. बाजाराला निघालेली वृद्धा किंवा मजुरीला जाणारी स्त्री वाहनाची पॉलिसी वाचून जीपमध्ये बसत नाही. मालकाने न दिलेल्या माहितीची किंमत मात्र तिच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढून मोजावी लागू शकते.

माहिती देण्याची रीत

वापराची घोषणा प्रथम प्रस्तावपत्रात होते. त्यानंतर वापर बदलल्यास, नूतनीकरणाची वाट न पाहता, कंपनीस लेखी कळविणे इष्ट होय. कंपनी फरकाचा हप्ता घेऊन पॉलिसीवर एन्डॉर्समेंट करते अथवा नव्या वर्गाची पॉलिसी देते. नोंदणीचा वर्ग बदलावयाचा असल्यास परिवहन कार्यालयातील प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते. एजंटला तोंडी सांगणे पुरेसे समजू नये. पत्राची पोच, ई-मेलची प्रत आणि सुधारित पॉलिसी जपून ठेवावी. गॅस किट बसविणे किंवा वाहनाच्या रचनेत बदल करणे या बाबीही याच रीतीने कळवाव्यात.

वापर कमी झाल्याचे सांगणेही लाभदायक ठरू शकते. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये वाहन जितके चालेल त्या प्रमाणात आणि ज्या पद्धतीने चालविले जाईल त्यानुसार हप्ता आकारणाऱ्या पूरक योजनांना मान्यता दिली. आठवड्यातून एखाद्या वेळी कोल्हापूरला जाणाऱ्या मोटारीच्या मालकाने अशा योजनेची चौकशी करावी. येथेही किलोमीटरची घोषणा खरी असणे ही पूर्वअट आहे.

विमा कंपनीचे उत्तरदायित्व

सर्व दोष वाहनधारकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. ग्रामीण भागात प्रस्तावपत्र पुष्कळदा एजंट किंवा वाहनविक्रेत्याचा कर्मचारी भरतो आणि मालक सही करतो. पॉलिसी इंग्रजीत असते, अक्षर बारीक असते आणि वापराची मर्यादा सांगणारा परिच्छेद कोणी वाचून दाखवीत नाही. भ्रमणध्वनीवरून नूतनीकरण करताना तर वापराविषयीचा प्रश्न एका खुणेपुरता उरतो. परम सद्भाव द्विपक्षीय असेल, तर ज्या परिसरात ट्रॅक्टर उसासाठी आणि जीप वडापासाठी वापरली जाते हे कंपनीच्या शाखेला ठाऊक आहे, तेथे तिने स्पष्ट मराठीत प्रश्न विचारणे हा त्या सद्भावाचाच भाग होय. हप्ता घेताना न विचारलेला प्रश्न दावा आल्यावर प्रथमच विचारणे या तत्त्वाशी सुसंगत नाही.

निष्कर्ष व शिफारशी

१) वापराची घोषणा ही विमा कराराचा गाभा असून हप्ता, संरक्षण व दावा हे तिन्ही तिच्यावर अवलंबून असतात.

२) खोट्या अथवा अपुऱ्या घोषणेने वाचणारी रक्कम संभाव्य नुकसानीच्या तुलनेत अल्प असते.

३) न्यायालयीन सवलतींमुळे अपघातग्रस्तास काही प्रमाणात आधार मिळतो, तथापि त्यामुळे मालकाची अंतिम जबाबदारी टळत नाही.

४) प्रस्तावपत्रातील वापरविषयक प्रश्न मराठीत, स्थानिक व्यवहारातील शब्दांत विचारले जावेत. 'वडाप करता काय?', 'दुसऱ्याचा ऊस ओढता काय?' असे प्रश्न अधिक अचूक माहिती मिळवून देतील.

५) गळीत हंगामापूर्वी साखर कारखान्यांनी वाहतूक करार करताना ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्या पॉलिसीतील वापराची नोंद तपासावी.

६) हंगामापुरत्या अथवा अंशकालीन भाडेवापरासाठी सुलभ नोंदणी व अल्पमुदतीचा विमा उपलब्ध करून देण्याचा विचार शासन व विमा नियामक यांनी करावा. खरे सांगणे परवडू लागले, तर ते सांगणाऱ्यांची संख्या वाढेल.

समारोप

मोटार विमा ही पोलिसांना दाखविण्याची पावती नसून एका विशिष्ट जोखमीविषयीचा करार आहे. गडहिंग्लजसारख्या परिसरात वाहन हे कुटुंबाचे, शेतीचे आणि उपजीविकेचे सामाईक साधन असल्याने ती जोखीम वारंवार बदलते. वाहनधारकाने पॉलिसीतील वापराची ओळ एकदा वाचून ती आपल्या प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहावी आणि तफावत आढळल्यास लेखी कळवावी, एवढी दक्षता त्याच्या स्वतःच्या, तसेच त्याच्या वाहनातील व रस्त्यावरील माणसांच्या संरक्षणासाठी आवश्यक आहे.